जुनी प्रश्नपत्रिका वाचायची कशी? : एम.ए. इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी

बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतलेल्या विद्यार्थ्याला दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ अशा ठिकाणी एम.ए. करायचं असेल, तर त्याचा रस्ता आता बहुतेक वेळा एकाच परीक्षेतून जातो. ती परीक्षा म्हणजे सीयूईटी-पीजी. राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, ती 2022 पासून संगणकावर घेते. परीक्षेत सगळे प्रश्न बहुपर्यायी असतात. आपल्याकडच्या बी.ए.च्या पेपरात ‘हॅम्लेटच्या स्वभावाची चर्चा करा’ असं विचारलं की तीन पानं लिहायची सवय असते. इथे त्याच नाटकावर एका ओळीचा प्रश्न येतो, चार पर्याय येतात आणि उत्तर द्यायला मिनिटभर मिळतं. वर्षभर नेमलेली पाच-सहा पुस्तकं नीट वाचणारा हुशार विद्यार्थीही इथे गांगरतो, कारण परीक्षा खोलीपेक्षा विस्तार तपासते. चॉसरपासून महेश दत्तानींपर्यंत कुठूनही काहीही.

एवढ्या विस्ताराला तोंड द्यायचं कसं, याचं सगळ्यात विश्वासार्ह उत्तर जुन्या प्रश्नपत्रिकांत आहे. पण त्या बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने वापरतात. प्रश्न आणि उत्तर पाठ करतात, आणि तोच प्रश्न पुन्हा येईल या आशेवर बसतात. तोच प्रश्न क्वचितच येतो. येतो तो त्याच्या शेजारचा प्रश्न. शेजारचा प्रश्न ओळखायला शिकणं ही खरी तयारी, आणि ती कशी करायची हे पुढे सविस्तर सांगतो.

आधी परीक्षेचा साचा. 2022 साली पहिल्या परीक्षेत 100 प्रश्न आणि दोन तास होते. 2024 पासून प्रश्न 75 झाले. त्या वर्षी वेळ 105 मिनिटं होती, 2025 मध्ये ती 90 मिनिटांवर आली. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. जुनी प्रश्नपत्रिका हातात घेताना ती कोणत्या वर्षाची आहे हे म्हणूनच आधी पाहायचं. 2022 चा पेपर 90 मिनिटांत सोडवायला बसलात तर निष्कारण धीर खचेल. आणि ज्या वर्षी परीक्षा देणार, त्या वर्षीची माहितीपुस्तिका अर्ज भरण्याआधी स्वतः वाचा. साचा बदलत आला आहे, तो पुन्हा बदलू शकतो.

पहिली प्रश्नपत्रिका तयारी सुरू करण्याआधीच सोडवा. ‘अभ्यास झाल्यावर बघू’ असं म्हणून ती शेवटपर्यंत राखून ठेवणारे पुष्कळ असतात. त्यात नुकसान असं, की परीक्षा काय विचारते हे कळेपर्यंत तीन महिने गेलेले असतात. घड्याळ लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा: खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्यायांत अडकला असाल तर ‘द’, नुसता अंदाज असेल तर ‘अ’. ही खूण गुणांपेक्षा मोलाची आहे. तपासताना ‘ख’ लिहिलेली किती उत्तरं चुकली ते मोजा. आपल्याला जे येत नाही ते येत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. जे येतं असं वाटतं पण येत नाही, ते मात्र अशा खुणेशिवाय कधीच सापडत नाही. आणि तेच सगळ्यात महाग पडतं, कारण तिथे मिळणारे 4 तर जातातच, वर 1 कापला जातो.

आता एक प्रश्न उघडून पाहू. समजा, असं विचारलं: ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ ही संकल्पना कोणत्या समीक्षकामुळे रूढ झाली? पर्याय आहेत टी. एस. एलियट, आय. ए. रिचर्ड्स, विल्यम एम्पसन आणि एफ. आर. लीव्हिस. उत्तर एलियट, ‘हॅम्लेट’वरचा त्याचा 1919 चा निबंध. पाठ करणारा विद्यार्थी इथे थांबतो. तुम्ही उरलेल्या तिघांकडे वळा. प्रश्न काढणाऱ्याने ही तीन नावं सहज टाकलेली नाहीत. विद्यार्थ्याची जिथे गफलत होते तिथलीच ती नावं आहेत. रिचर्ड्सचं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ 1929 चं. केंब्रिजमध्ये त्याने विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांवरून ते पुस्तक उभं केलं. एम्पसन त्याचाच विद्यार्थी, त्याचं ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी’ 1930 चं. लीव्हिसही केंब्रिजचाच. ‘स्क्रूटिनी’ हे नियतकालिक 1932 मध्ये सुरू झालं आणि त्याच्याशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ 1948 चं. वीस मिनिटं दिलीत तर एका प्रश्नातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली इंग्लिश समीक्षा डोळ्यांपुढे उभी राहते. पुढच्या वर्षी एम्पसनवर प्रश्न आला तर तो तुमच्यासाठी नवा नसेल. चुकीचे तीन पर्याय हेच जुन्या प्रश्नपत्रिकेतलं खरं धन आहे, आणि बाजारातली बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं नेमकं तेच वगळतात.

याचा हिशेब करा. 75 प्रश्न म्हणजे 300 पर्याय. प्रत्येक पर्याय साहित्याच्या इतिहासातलं नाव, पुस्तक किंवा संकल्पना असेलच असं नाही. उताऱ्यांवरचे प्रश्न वजा जातात. तरीही एका पेपरातून दीडशे-दोनशे नोंदी सहज निघतात. दोन-तीन पेपर असे उलगडलेत की तीच नावं फिरून फिरून भेटू लागतात, आणि कुठे वेळ द्यायचा हे ती पुनरावृत्तीच सांगते.

या नोंदी प्रश्नपत्रिकेच्या क्रमाने लिहू नका. वहीचे भाग काळानुसार पाडा: चॉसर आणि मध्ययुग, एलिझाबेथन, सतरावं शतक, अठरावं, रोमँटिक, व्हिक्टोरियन, आधुनिक, 1945 नंतरचं. शिवाय अमेरिकन, भारतीय इंग्रजी, वसाहतोत्तर, सिद्धान्त आणि साहित्यसंज्ञा यांना वेगळी पानं. प्रश्न जिथला असेल, नोंद तिथे जाते. मग कोणतं पान भरतंय आणि कोणतं कोरं राहिलंय ते दिसू लागतं. कोरं पान दिसलं की आधी तपासा: परीक्षेत त्या भागावर विचारलंच जात नाही, की तुम्ही ते प्रश्न सोडून देताय?

कालक्रमाचे प्रश्न विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त छळतात, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबू. चार पुस्तकं देऊन प्रकाशनाच्या क्रमाने लावायला सांगतात. उदाहरणार्थ ‘द वे ऑफ द वर्ल्ड’, ‘पॅराडाइज लॉस्ट’, ‘अब्सलम अँड अकिटोफेल’ आणि ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’. बरोबर क्रम: मिल्टन 1667, बनियन 1678, ड्रायडन 1681, काँग्रीव्ह 1700. चारही सालं पाठ असायची गरज नाही. सगळ्यात आधीचं कोणतं आणि सगळ्यात शेवटचं कोणतं एवढं ठाऊक असलं तरी चारपैकी दोन-तीन पर्याय बहुधा गळतात. म्हणून साल पाठ करायचं तर आधी खुंट्या ठोका: 1623 शेक्सपिअरचा फर्स्ट फोलिओ, 1642 नाट्यगृहं बंद, 1660 राजसत्ता परत, 1719 ‘रॉबिन्सन क्रूसो’, 1740 ‘पामेला’, 1798 ‘लिरिकल बॅलड्स’, 1832 रिफॉर्म अ‍ॅक्ट, 1859 डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’, 1922 ‘युलिसिस’ आणि ‘द वेस्ट लँड’, 1956 ‘लुक बॅक इन अँगर’. पुढचं प्रत्येक नवं पुस्तक यातल्या कुठल्या दोन सालांच्या मध्ये येतं, एवढंच ठरवायचं.

यात एक खड्डा आहे. प्रश्न प्रकाशनाचा आहे, लेखनाचा आहे की लेखकांच्या जन्माचा, हे प्रश्नातल्या एका शब्दावर ठरतं. हॉपकिन्स 1889 मध्ये वारला, पण रॉबर्ट ब्रिजेसने त्याच्या कवितांचं पुस्तक 1918 मध्ये काढलं. वर्ड्सवर्थचं ‘द प्रिल्यूड’ छापून आलं 1850 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. फॉर्स्टरची ‘मॉरिस’ पहिल्या महायुद्धाच्या आधीच लिहून झाली होती, प्रसिद्ध झाली 1971 मध्ये. असे लेखक वहीत वेगळ्या खुणेने ठेवा. प्रश्न काढणाऱ्यांना ते आवडतात.

जोड्या लावायच्या प्रश्नांचं तंत्र सोपं आहे. एक जोडी पक्की ठाऊक असेल तर साधारणपणे निम्मे पर्याय जातात, दोन ठाऊक असतील तर बहुधा एकच उरतो. त्यामुळे चारही जोड्या सोडवत बसू नका. सगळ्यात पक्की जोडी आधी धरा आणि थेट पर्यायांकडे जा. कीट्स आणि ‘निगेटिव्ह केपॅबिलिटी’, श्क्लोव्स्की आणि ‘डीफॅमिलिअरायझेशन’, बाख्तिन आणि ‘हेटरोग्लॉसिया’, इलेन शोवॉल्टर आणि ‘गायनोक्रिटिक्स’ या जोड्या झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हव्यात. सारख्या नावांच्या संज्ञा मात्र जपून. ‘इंटेन्शनल फॅलसी’ (1946) आणि ‘अफेक्टिव्ह फॅलसी’ (1949) हे दोन्ही निबंध विमसॅट आणि बिअर्ड्सली यांचे. ‘पथेटिक फॅलसी’ मात्र रस्किनची, जवळजवळ शंभर वर्षं आधीची. तिन्ही एका यादीत आल्या की चांगले विद्यार्थीही घसरतात.

विधान आणि कारण या प्रकारात घाई करू नका. आधी दोन्ही वाक्यं एकमेकांशी संबंध नसल्यासारखी वाचा आणि प्रत्येकापुढे खरं-खोटं ठरवा. मगच त्यांच्यामध्ये ‘कारण’ हा शब्द घालून पाहा. समजा, विधान असं: ‘लिरिकल बॅलड्स’च्या 1798 च्या प्रकाशनापासून इंग्लिश रोमँटिक काळाची सुरुवात मानण्याची प्रथा आहे. कारण: या संग्रहाला वर्ड्सवर्थची प्रसिद्ध प्रस्तावना 1800 च्या आवृत्तीत जोडली गेली. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दुसरं पहिल्याचं कारण नाही. 1800 मध्ये घडलेली गोष्ट 1798 ला आरंभबिंदू का मानतात हे सांगू शकत नाही. आता दुसरी जोडी घ्या. विधान: बेकेटने ‘वेटिंग फॉर गोदो’ आधी फ्रेंचमध्ये लिहिलं. कारण: बेकेटचा जन्म फ्रान्समध्ये झाला. पहिलं खरं, दुसरं खोटं. तो डब्लिनजवळ जन्मला. दुसरं वाक्य इतकं सयुक्तिक वाटतं की ते खरं आहे का हे तपासायचंच राहून जातं. सापळा तिथेच असतो.

उतारा किंवा अपरिचित कविता आली की काही शिक्षक आधी प्रश्न वाचायला सांगतात. गद्य उताऱ्याला ते ठीक आहे. कवितेच्या बाबतीत मला ते पटत नाही. कविता आधी एकदा संपूर्ण वाचावी, मग प्रश्न. प्रश्न डोक्यात ठेवून वाचलं की आपण उत्तर शोधत ओळी चाळतो, आणि कवितेचा सूर हातातून निसटतो. विचारलेलं तर बहुतेकदा सुराबद्दलच असतं. जुन्या पेपरातल्या उताऱ्यांवर तुमचं उत्तर चुकलं तर बरोबर पर्यायाचा आधार उताऱ्यातल्या नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, तो पेन्सिलने अधोरेखित करा. आधार दाखवता येईपर्यंत पुढे जाऊ नका. या भागाला पाठांतर लागत नाही, आणि गुण तर तितकेच आहेत.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. भारतीय इंग्रजी आणि अनुवादित साहित्याचा भाग अनेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. इथे तर आपण घरच्या अंगणात असतो. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ 1976 चं, त्याला 1977 चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. ते थेट इंग्रजीत लिहिलेलं आहे, अनुवाद नव्हे. दिलीप चित्र्यांनी तुकारामांचे अभंग ‘सेज तुका’ या नावाने 1991 मध्ये इंग्रजीत आणले. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा इंग्रजी अनुवाद प्रिया आडारकरांचा. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेलं ‘पॉइझन्ड ब्रेड’ 1992 चं, आणि शरणकुमार लिंबाळे यांचं दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरचं पुस्तक आलोक मुखर्जी यांच्या अनुवादात 2004 मध्ये इंग्रजीत आलं. निसिम इझिकेल मुंबईचे, त्यांचा पहिला संग्रह ‘अ टाइम टु चेंज’ 1952 चा. यातलं मूळ मराठी साहित्य तुम्ही शाळा-कॉलेजात वाचलेलं किंवा निदान ऐकलेलं असतं. इंग्रजी नावं, अनुवादक आणि सालं तेवढी जोडून घ्यायची. त्यांच्या शेजारी मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ (1935), आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (1935), राजा राव यांची ‘कंथापुरा’ (1938) आणि रश्दींची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (1981) ठेवलीत की या भागाचा पाया झाला.

आता अंदाजाचं गणित. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर चारपैकी एकदा 4 मिळतात आणि तीनदा 1 जातो. सरासरी प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद केला तर सरासरी दोन तृतीयांश गुणांवर जाते. दोन बाद केले तर दीड गुणावर. म्हणजे या परीक्षेत दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न सोडून देणं हा तोटाच. अगदी कोऱ्या अंदाजाचा फायदा मात्र इतका बारीक आहे की त्यावर वेळ घालवू नये, शेवटच्या दोन मिनिटांत काय ते करावं. गुण कापले जातात या धास्तीने वीस-पंचवीस प्रश्न कोरे ठेवणारे विद्यार्थी मी पाहत आलो आहे. त्यांनी आपल्या पहिल्या पेपरातली ‘द’ची खूण असलेली उत्तरं मोजावीत. त्यातली निम्मी बरोबर आली असतील तर धास्ती कशाची? आणि हे गणित याच परीक्षेचं. दुसऱ्या परीक्षेत गुण वजा करण्याचा दर वेगळा असला तर हिशेब नव्याने मांडा.

वेळेचा हिशेब असा: 90 मिनिटांत 75 प्रश्न म्हणजे सरासरी 72 सेकंद. पण सरासरीने पेपर सोडवायचा नसतो. नाव-पुस्तक-संज्ञेचे सरळ प्रश्न पंचवीस-तीस सेकंदांत व्हायला हवेत, म्हणजे जोड्या, कालक्रम आणि उतारे यांना दोन-दोन मिनिटं देता येतात. पहिल्या फेरीत जे येतं ते सोडवून अडलेले प्रश्न खूण करून सोडा, दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे या. घरी जुना पेपर सोडवताना हीच शिस्त पाळा, आणि जमेल तेव्हा कागदाऐवजी संगणकाच्या पडद्यावर सोडवा. लांब उतारा पडद्यावर वाचायचा सराव वेगळा लागतो.

उत्तरसूचीबाबत सावध राहा. एनटीए आधी तात्पुरती उत्तरसूची देते, त्यावर शुल्क भरून हरकत घेता येते, मग अंतिम सूची येते. मधल्या काळात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. म्हणून तपासणी अंतिम सूचीवरच करा. सूचीत प्रश्नांचे आणि पर्यायांचे ओळख-क्रमांक असतात, ते जुळवताना एक ओळ खालीवर झाली तर सगळा निकाल चुकतो. विद्यार्थ्यांनी आठवणीतून लिहून फिरवलेले पेपर आणि खासगी पुस्तकांतली उत्तरं यांच्यावर पडताळल्याशिवाय विसंबू नका. पडताळायला संज्ञांसाठी एम. एच. अब्राम्स यांचं ‘अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स’, सिद्धान्तासाठी पीटर बॅरी यांचं ‘बिगिनिंग थिअरी’ आणि इतिहासासाठी अँड्र्यू सँडर्स यांचं ‘द शॉर्ट ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ इंग्लिश लिटरेचर’ ही तीन पुस्तकं पुरतात. कॉलेजच्या ग्रंथालयात नसतील तर विभागप्रमुखांकडे मागणी करा.

सीयूईटी-पीजी 2022 पासूनचीच, त्यामुळे तिचे पेपर मोजकेच आहेत. ते संपले की यूजीसी-नेटच्या इंग्रजीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांकडे वळा. नेट प्रामुख्याने एम.ए. झालेल्यांसाठी असते, तिची पातळी वरची असते. तरी कालक्रम, जोड्या आणि विधान-कारण हे साचे तिथे भरपूर मिळतात. तिथले गुण मनाला लावून घेऊ नका, फक्त नोंदी काढा. 2021 पासून गेटच्या परीक्षेतही मानव्यविद्यांच्या पेपरात इंग्रजीचा विभाग आहे. त्यातले आकलनाचे प्रश्न चांगले असतात. जेएनयूची प्रवेशपरीक्षा 2019 मध्ये बहुपर्यायी प्रश्नांची झाली. तिच्या त्याआधीच्या निबंधवजा प्रश्नपत्रिका मिळाल्या तर वाचा. सीयूईटीला त्यांचा थेट उपयोग नाही. पण एम.ए.च्या वर्गात कशा प्रकारे विचार करावा लागेल, याची कल्पना त्यांच्यातून येते.

कोणताही पेपर एकदाच सोडवून टाकून देऊ नका. महिनाभराने चुकलेलेच प्रश्न पुन्हा घ्या. पुन्हा चुकले तर चूक कोणत्या जातीची आहे ते लिहा: माहितीच नव्हती, दोन गोष्टींत गोंधळ झाला, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ संपली. माहितीची चूक वाचनाने सुटते आणि गोंधळाची दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहून. प्रश्न नीट न वाचण्यावर मात्र पुस्तक उपयोगी नाही. ‘नाही’, ‘वगळता’, ‘चुकीचं विधान’ हे शब्द दिसताच त्यांच्याभोवती वर्तुळ काढायची सवय लावावी लागते. आणि अलीकडचे किमान दोन पेपर अजिबात न उघडता शेवटच्या तीन आठवड्यांसाठी ठेवा. आधी पाहिलेल्या पेपरातले गुण तुमची खरी तयारी दाखवत नाहीत.

2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी ही परीक्षा प्रामुख्याने मार्च महिन्यात झाली. आपल्याकडच्या तृतीय वर्षाच्या शेवटच्या सत्राची धावपळही त्याच सुमाराला असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पहिला पेपर सोडवा, जानेवारी संपेपर्यंत नोंदींची वही भरत आणा आणि फेब्रुवारीत फक्त वेळ लावलेले पेपर आणि उजळणी ठेवा. ज्यांच्या कॉलेजात ही परीक्षा देणारे दोघं-तिघं असतील त्यांनी एकत्र बसावं. प्रत्येकाने आठवड्याला दहा प्रश्न स्वतः तयार करावेत, चुकीच्या पर्यायांसह, आणि एकमेकांना विचारावेत. चुकीचा पण पटण्याजोगा पर्याय बनवायला विषय खरोखर यावा लागतो. जे विद्यार्थी एकटे आहेत, ज्यांच्या गावात क्लास नाही, त्यांनी मागे राहू अशी भीती बाळगू नये. प्रश्नपत्रिका, अंतिम उत्तरसूची, ग्रंथालयातली तीन पुस्तकं आणि एक जाड वही एवढ्या सामग्रीवर ही तयारी पूर्ण होते. या दिवाळीत सुरुवात करा.